पत्त्यांचे मेज विकणे आहे

‘महोगनीचे, जडावकाम केलेले, पत्ते खेळण्याचे जुने मेज विकणे आहे.’ अशा आशयाची दोन ओळींची जाहिरात इंग्लंड-अमेरिकेतील लिलावांच्या याद्यांत वरचेवर आढळते. आज आम्हांला या दोन ओळींचा अर्थ लावावयाचा आहे. वसंतातील या व्याख्यानांना इतिहास, साहित्य, राजकारण, शास्त्र असे भारदस्त विषय शोभून दिसतात. त्या पंक्तीत एका मेजाला पाट कशासाठी मांडला, असे कोणा श्रोत्याला वाटले तर त्यात वावगे काही नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दोनशे वर्षे टिकलेली लाकडी वस्तू हा एक दस्तऐवजच असतो. मोडी लिपी येत नसेल तर घरातले जुने दप्तर रद्दीच्या भावाने जाते. वस्तूंची लिपी वाचता आली नाही म्हणजे वस्तूंचीही तीच गत होते.

वरच्या जाहिरातीतील एकेक शब्द नीट पाहा. तो शब्द वर्णनाचा दिसला तरी वास्तविक ते एक विधान आहे, आणि विधान म्हटले की ते खरे असेल किंवा खोटे असेल. लाकूड खरोखर महोगनीचे आहे काय? जडावकाम मुळातले की मागाहून केलेले? जुने म्हणजे किती जुने? आणि ते सगळे मिळून एकच मेज आहे, की दोन मोडक्या मेजांचा संसार जमवून दिलेला आहे? विकणारा आपल्या परीने बोलतो. मेजही आपल्या परीने बोलते. दोघांची जबानी जुळते की नाही, हे पाहणे एवढेच गिऱ्हाइकाचे काम.

ते काम किती मोलाचे असू शकते याची एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेत एका बाईंनी घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीतून एक अर्धवर्तुळाकार, काळवंडलेले मेज २५ डॉलरला घेतले. सुमारे ३० वर्षे ते त्यांच्या घरी राहिले. १९९७ साली त्यांनी ते ‘अँटिक्स रोडशो’ या दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात नेले. लोकांनी आपापल्या घरच्या जुन्या वस्तू आणाव्यात आणि जाणकारांनी त्या पाहून सांगाव्यात, असा तो कार्यक्रम आहे. तेथे कीनो बंधूंनी ते मेज पाहिले, उलटे केले, आणि त्याची किंमत २ ते ३ लाख डॉलर सांगितली. जानेवारी १९९८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीज या पेढीच्या लिलावात ते ५ लाख ४१ हजार ५०० डॉलरला गेले. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी मेज तेच होते. लाकडाचा एक कपचाही वाढला नव्हता. फरक पडला तो त्याच्यापुढे वाचता येणारा माणूस उभा राहिल्यामुळे.

त्या मेजाच्या अंगावर कागदाची एक चिठ्ठी होती. तिच्यावर बॉस्टन शहरातील क्रीक स्क्वेअरमधल्या ‘जॉन सीमोर अँड सन’ या सुतारी पेढीचे नाव होते. जॉन सीमोर हा इंग्लंडातील डेव्हन परगण्याच्या अ‍ॅक्समिन्स्टर गावचा कारागीर. १७८४ साली तो बायकामुलांसह अमेरिकेस गेला, आजच्या मेन राज्यातील पोर्टलंड येथे काही वर्षे राहिला आणि १७९३ च्या सुमारास बॉस्टनला येऊन स्थिरावला. मुलगा थॉमस त्याच्या हाताखाली तयार झाला. त्या काळच्या अमेरिकेत या बापलेकांच्या तोडीचे जडावकाम करणारे कारागीर फार थोडे होते. त्यांचे नाव चिकटवलेली मेजेकपाटे मोजकीच उरली आहेत, म्हणून एवढी बोली चढली. गंमत अशी की या लौकिकाचा त्यांना स्वतःला फारसा लाभ झाला नाही. १८०७ सालची व्यापारबंदी आणि १८१२ चे इंग्लंडशी युद्ध यांनी बॉस्टनचा धंदा खिळखिळा केला, आणि पुढे थॉमसला आपली पेढी बंद करावी लागली.

आता या मेजाची रचना समजून घेऊ. आपल्याकडे पत्त्यांना मेज लागत नसे. सावंतवाडीची गंजिफाची गोल पाने प्रसिद्ध आहेत. दशावतारी गंजिफाचा डाव म्हणजे १० रंगांची १२० पाने. जमिनीवर चादर पसरली, चौघे मांडी घालून बसले, की डाव सुरू. युरोपात खुर्चीवर बसण्याची चाल असल्यामुळे खेळालाही उंच बैठक हवी झाली. १८ व्या शतकात इंग्लंडात पत्त्यांचा शौक इतका बोकाळला की एडमंड हॉइल याने १७४२ साली व्हिस्ट खेळावर एक छोटेखानी पुस्तक काढले आणि त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. सरकारनेही संधी सोडली नाही. १७११ पासून पत्त्यांच्या प्रत्येक जोडावर सहा पेन्सांचा कर बसला. कर भरल्याची खूण म्हणून इस्पिकचा एक्का १७६५ पासून सरकारी कचेरी स्वतःच छापू लागली. तो एक्का खोटा छापल्याबद्दल १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला फासावर जावे लागले! अमेरिकेतील वसाहतींवर १७६५ साली जो मुद्रांक कर लादला गेला आणि ज्यामुळे बॉस्टन पेटून उठले, त्याच्या यादीतही पत्त्यांचा जोड होताच. दर जोडामागे एक शिलिंग. इंग्लंडातील पत्त्यांवरचा कर उठायला १९६० साल उजाडावे लागले.

खेळ संध्याकाळी दोन-चार घटका. बाकीचा दिवस मेज करायचे काय? त्या काळच्या दिवाणखान्यात सामान भिंतीला लावून ठेवीत आणि लागेल तेव्हा मध्ये ओढून घेत. म्हणून पत्त्यांच्या मेजाला दोन फळ्या असतात, एकीवर एक दुमडलेल्या. मिटलेल्या स्थितीत ते अर्धचंद्राकृती, भिंतीशी अंग चोरून उभे राहते. वर फुलदाणी ठेवावी, मेणबत्त्या ठेवाव्यात. खेळाच्या वेळी मागचा एक पाय, काही मेजांत दोन्ही पाय, लाकडी बिजागरीवर दारासारखे बाहेर वळवायचे आणि वरची फळी उलटून त्यांवर टेकवायची. अर्धचंद्राचा पूर्णचंद्र होतो. सुमारे ३ फूट व्यासाचा. आत बहुधा हिरवी बनात ताणून बसवलेली असते, म्हणजे पाने घसरत नाहीत आणि नाण्यांचा खणखणाट होत नाही. चौकोनी आणि नागमोडी कडांचीही मेजे असत. परंतु १७८० ते १८०० या काळातील आवडता आकार अर्धचंद्राचा.

या काळात नमुन्यांची पुस्तके निघाली होती. थॉमस चिपेंडेलचे १७५४ चे, जॉर्ज हेपलव्हाइटचे त्याच्या मृत्यूनंतर पत्नीने १७८८ साली प्रसिद्ध केलेले, आणि थॉमस शेरटनचे १७९१ ते १७९४ या वर्षांत हप्त्याहप्त्याने बाहेर पडलेले. ही पुस्तके समुद्र ओलांडून गेली आणि गावोगावच्या सुतारांनी ती समोर ठेवून कामे केली. म्हणून ‘हेपलव्हाइट मेज’ असे कोणी म्हटले तर ते हेपलव्हाइटच्या हातचे, असे समजू नये. त्याच्या स्वतःच्या हातचे म्हणून खात्रीने दाखवता येईल असे एकही काम ठाऊक नाही. ते शैलीचे नाव आहे, कारागिराचे नव्हे. विक्रीच्या भाषेतील हा पहिला चकवा श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. ‘जॉर्ज तिसऱ्याच्या काळातील’ आणि ‘जॉर्जियन धर्तीचे’ या दोन वाक्प्रयोगांत शंभर-सव्वाशे वर्षांचे आणि हजारो रुपयांचे अंतर असू शकते. छपाईत मात्र ते एका शब्दाचेच दिसते.

पुढचा शब्द महोगनी. हा वृक्ष मूळचा वेस्ट इंडीज बेटांचा आणि मध्य व दक्षिण अमेरिकेचा. वनस्पतिशास्त्रात याला स्विटेनिया म्हणतात. बेटांवरील जात स्विटेनिया महागोनी आणि मुख्य भूमीवरील मोठ्या पानांची जात स्विटेनिया मॅक्रोफिला. १७२१ साली ब्रिटिश पार्लमेंटने अमेरिकेतील आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयातकर काढून टाकला आणि जमैकाचे महोगनी इंग्लंडात उतरू लागले. तोपर्यंत तेथील उंची सामान अक्रोडाचे होत असे. महोगनीची फळी रुंद निघते, सहसा तडकत नाही, वाकत नाही, तिला कीड क्वचितच लागते, कोरीव काम स्वच्छ उठते आणि घोटल्यावर आतून ऊन पडल्यासारखा तांबूस रंग येतो. दोन फळ्या एकमेकींवर तंतोतंत मिटल्या पाहिजेत अशा मेजाला याहून योग्य लाकूड कोणते?

पण ते लाकूड आणले कोणी? चिठ्ठीवर जॉन सीमोरचे नाव आहे. झाड पाडणाऱ्याचे नाव कोठेही नाही. जमैकातील चांगली झाडे १८ व्या शतकातच संपत आली, तेव्हा तोड्यांनी होंडुरासच्या आखाताकडे, म्हणजे आजच्या बेलीझ देशाकडे मोर्चा वळवला. स्पेनशी झालेल्या १७८६ च्या कराराने इंग्रजांना तेथे महोगनी तोडण्याची मुभा मिळाली. त्या वसाहतीतील बहुसंख्य माणसे आफ्रिकेच्या रक्ताचे गुलाम होते. कामाची रीत अशी. महोगनीची राई नसते. घनदाट रानात एकेक झाड विखुरलेले असते. म्हणून टोळीतील सर्वांत जाणता मनुष्य ऑगस्टच्या सुमारास रानात शिरे, एखाद्या उंच झाडाच्या शेंड्यावर चढे, आणि त्या दिवसांत पालटणाऱ्या पानांच्या रंगावरून महोगनी कोठे आहे ते हेरून ठेवी. बुंध्याशी झाडाला रुंद पाख्या फुटलेल्या असतात, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फूट उंचीवर माच बांधून तेथून कुऱ्हाड चालवीत. मग नदीपर्यंत रस्ता काढायचा. सर्वांत कष्टाचे काम हेच. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कोरडी असताना बैलगाड्यांवरून ओंडके ओढीत, आणि दिवसाची उष्णता गुराढोरांना सोसत नाही म्हणून ही ओढणी मशालींच्या उजेडात रात्री चाले. पावसाने नद्या फुगल्या की ओंडके प्रवाहात लोटून मुखापाशी अडवीत, आणि तेथून ते जहाजांत चढत.

बॉस्टनचे व्यापारी वेस्ट इंडीजला खारवलेले मासे आणि इमारती लाकूड पाठवीत. परतीच्या जहाजांतून काकवी आणि महोगनी आणीत. ज्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सीमोर राहत होता तेथे १७८३ च्या सुमारास न्यायालयांच्या निकालांनी गुलामगिरी निकालात निघाली होती. पण त्याच्या दुकानात येणाऱ्या लाकडाला मात्र गुलामांचे हात लागलेले असत. ब्रिटिश साम्राज्यात कायद्याने गुलामगिरी रद्द झाली १८३४ साली, आणि सक्तीची उमेदवारी संपून खरी सुटका झाली १८३८ साली. जुन्या मेजाचे कौतुक करू नये असे आम्हांला म्हणावयाचे नाही. दस्तऐवज वाचायचा तर अर्धा वाचून चालत नाही, इतकेच म्हणावयाचे आहे. ज्या मेजावर एका रात्रीत जमिनी आणि वाडे हरले जात, त्या मेजाची फळी कोणी आपले आयुष्य हरून आणलेली होती.

झाडांचाही हिशेब याच खात्यात येतो. दोन शतकांच्या तोडीने महोगनी इतकी विरळ झाली की बेटांवरील जात १९९२ पासून आणि मोठ्या पानांची जात २००३ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आली आहे. आपल्या देशात हे झाड १८ व्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानात आले. आज मुंबई-पुण्याच्या काही रस्त्यांच्या कडेलाही ते सावली देताना दिसते. त्याखालून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना त्याचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे!

आता जडावकामाकडे वळू. एका लाकडात खाच पाडून दुसऱ्या रंगाचे लाकूड बसवायचे, आणि दोन्ही एका पातळीत घासून आणायची, हे त्याचे मूळ तत्त्व. पांढरट रेघ हवी तर हॉली किंवा बॉक्सवुड, काळी रेघ हवी तर रंगवलेले लाकूड किंवा आबनूस, सोनेरी पट्टा हवा तर सॅटिनवुड. सॅटिनवुडची एक जात वेस्ट इंडीजची, तर दुसरी सिंहलद्वीप व दक्षिण हिंदुस्थानची. फुलांच्या पाकळ्यांवर जी तपकिरी छाया दिसते ती रंगाची नसते. लोखंडी कढईत वाळू तापवायची आणि लाकडाच्या चकतीची कड त्यात क्षणभर बुडवायची. कड करपते, आत फिकट होत जाते, आणि सपाट चकतीला पाकळीची गोलाई येते. आपल्याकडे मक्याच्या लाह्या फोडणाऱ्याला तापल्या वाळूचा गुण ठाऊक आहे. बॉस्टनच्या सुतारालाही तो ठाऊक होता.

किनारीचे नक्षीदार पट्टे करण्याची रीत आणखी मनोवेधक आहे. वेगवेगळ्या रंगांच्या लाकडी पट्ट्या आधी सरसाने एकमेकींना चिकटवून ठोकळा करतात आणि मग त्याचे आडवे काप काढतात. प्रत्येक कापात तीच नक्षी निघते. याच तत्त्वावर सुरत आणि मुंबईचे पारशी कारागीर ‘सादेली’ काम करीत. चंदन, आबनूस, हस्तिदंत, कथील यांच्या बारीक काड्यांची मोळी बांधून चिकटवायची आणि तिच्या चकत्या पेटीवर बसवायच्या. १९ व्या शतकात या पेट्या ‘बाँबे’ कामाच्या म्हणून इंग्लंडात खपत. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन कारागिरांचे हात एकाच युक्तीवर आले. बारीक नक्षी शेकडो वेळा हुबेहूब उतरवायची तर दुसरा सोपा मार्ग नाही.

येथवर मेजाची दर्शनी बाजू झाली. परंतु खरी जबानी मिळते ती मागून आणि खालून. दर्शनी बाजू विकणाऱ्याने पुसून-घोटून तयार ठेवलेली असते. उलट्या बाजूला कोणी खोटे बोलायला शिकवलेले नसते. म्हणून जाणकार माणूस मेज आधी उलटे करतो. तो काय पाहतो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, आतले लाकूड. महोगनी महाग, म्हणून न दिसणाऱ्या भागांना गावठी लाकूड वापरीत. पुढची वाटोळी पट्टी बहुधा विटांसारखे लहान ठोकळे एकावर एक चिकटवून केलेली आणि वरून महोगनीचा पातळ पत्रा लावलेली असते. ते ठोकळे आणि मागची चौकट न्यू इंग्लंडच्या पांढऱ्या पाइनची असेल तर मेज अमेरिकेचे. ओक, बीच किंवा युरोपी पाइनची असेल तर बहुधा इंग्लंडचे. शंका उरलीच तर लाकडाची ढलपी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून निर्णय होतो.

दुसरी गोष्ट, हत्यारांच्या खुणा. हाताच्या करवतीने सरळ ओरखडे उमटतात. चक्राकार करवत १९ व्या शतकात सर्रास झाली. तिचे ओरखडे कमानीसारखे वाकडे असतात. १७९० सालच्या म्हणवणाऱ्या मेजाच्या पोटात कमानी दिसल्या की निदान तो भाग तरी नंतरचा. तसेच स्क्रूचे. जुना स्क्रू कानशीने घासलेला, टोकाला बोथट, त्याची डोक्यावरची खाच जराशी एकीकडे. टोकदार यंत्राचे स्क्रू १९ व्या शतकाच्या मध्यानंतरचे. हाताने कापलेला लाकडाचा पत्रा जाड असतो, यंत्राने सोललेला कागदासारखा पातळ.

तिसरी गोष्ट, लाकडाचे आकसणे. लाकूड वयाबरोबर आडव्या बाजूने आकसते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून दोनशे वर्षांपूर्वी अचूक गोल कापलेली अखंड फळी आज मोजली तर किंचित लंबगोल भरते. मोजपट्टीने ज्याची परीक्षा होते असा हा पुरावा आहे आणि त्याला खर्च शून्य.

चौथी गोष्ट, वापराची झीज. मागचा पाय हजारो वेळा बाहेर वळला असेल तर त्याच्या माथ्याने फळीच्या खालच्या अंगाला कमानदार घासटा पाडलेला असलाच पाहिजे. बिजागऱ्या बदलल्या असतील तर जुन्या छिद्रांत भरलेल्या खुंट्या दिसतील. घासटा पायाच्या वाटेशी जुळत नसेल, किंवा फळीवरील छिद्रे चौकटीवरील छिद्रांसमोर येत नसतील, तर वरचा भाग एका मेजाचा आणि खालचा दुसऱ्याचा. बाजारात अशा जोडीला ‘लग्न’ म्हणतात. लग्न हा शब्द मंगल खरा. पण या लग्नात हुंडा मात्र गिऱ्हाइकाने द्यावा लागतो.

पाचवी गोष्ट, रंग. पत्त्यांच्या मेजाचा हा खास गुण आहे, कारण त्याचा अर्धा पृष्ठभाग नेहमी मिटलेला असतो. बाहेरच्या फळीवर दोन शतके ऊन पडून ती मधासारखी फिकी होते. आतली, बनातीच्या भोवतालची कड मात्र मूळचा गडद तांबूस रंग राखून असते. हिरवट वा करडे रंगवलेले जडावकामाचे तुकडेही बाहेर विटतात, आत टिकतात. मेज उघडले आणि आतबाहेर दोन्हीकडे रंग एकसारखा दिसला, तर कोणीतरी ते खरवडून पुन्हा रंगवले आहे हे समजावे.

आणि शेवटी मागाहून घातलेले दागिने. १८९० ते १९१० या काळात इंग्लंडात शेरटनची शैली पुन्हा फॅशनमध्ये आली. तेव्हा शंभर वर्षांच्या साध्या मेजांना नव्याने शिंपले आणि फुलांचे हार जडवून विकण्याचा धंदा चालला. अमेरिकेतही १८७६ च्या शतसांवत्सरिक उत्सवानंतर जुन्या धर्तीची नवी मेजे भरपूर निघाली. अशा मेजात लाकूड जुने आणि जडाव नवा, किंवा शैली जुनी आणि लाकूड नवे. मूळच्या जडावात लाकूड आणि तुकडा बरोबरीने आकसतात, बरोबरीने विटतात. शिवणीवर बोट फिरवले तर किंचित उंचसखल लागते. मागाहून घातलेला तुकडा सपाट, तेजस्वी आणि थोडासा उपरा दिसतो.

हे सारे पुरावे एकाच गोष्टीने एका दुपारात नष्ट होतात, आणि ती म्हणजे अतिउत्साही साफसफाई. काचकागद मारून वर चकचकीत लेप दिला की झीज गेली, रंग गेला, शिवण गेली. साक्षीदाराचीच जीभ कापली, मग खटला चालवायचा कशावर? म्हणून अमेरिकेतील संग्राहक जुन्या, न छेडलेल्या पृष्ठभागाला जास्त पैसे मोजतात. १९ व्या शतकात फ्रेंच पॉलिश म्हणून जे आले ते मद्यार्कात विरघळवलेल्या चपड्या लाखेचे. आणि ही लाख मुख्यतः आपल्याच देशातील पळस-कुसुमांच्या फांद्यांवरून जाई. तो थरही आता शतकाहून जुना झाल्यामुळे इतिहासाचाच भाग ठरतो. धूळ मऊ फडक्याने टिपावी, ओल आणि थेट ऊन यांपासून मेज दूर ठेवावे, सुटलेला तुकडा पाकिटात जपून ठेवून सरसानेच पुन्हा बसवावा. कारण सरस गरम पाण्याने सुटतो, आजची गोंदे सुटत नाहीत. याहून अधिक काही करण्याची घाई करू नये.

हे ऐकून कोणाला वाटेल की प्रत्येक जुन्या मेजात पाच लाख डॉलर दडलेले आहेत. तसे नाही. नावाची चिठ्ठी असलेले मेज विरळा. निनावी, साध्या जडावाच्या महोगनी मेजांचा भाव २१ व्या शतकाच्या आरंभापासून इंग्लंड-अमेरिकेत बराच उतरला आहे. घरे लहान झाली, पत्त्यांचे दरबार उठले, तांबूस-काळसर सामान तरुणांना नकोसे झाले. हाताने घडवलेले, दोन शतके टिकलेले मेज कारखान्यातून काल निघालेल्या मेजाहून स्वस्त मिळावे, असेही घडते. किंमत बाजार ठरवतो आणि ती खालीवर होते. मोल पुराव्यावर ठरते, आणि पुरावा शाबूत असेल तोवर ते कमी होत नाही.

या वाचनविद्येचा आपल्या घरी काय उपयोग, हे सांगून विषय संपवू. आपल्या गावांतून जुने वाडे पडत आहेत. वाडा पडतो तेव्हा सागवानी फडताळ, शिसवी देव्हारा, पितळी कड्यांचा पेटारा, एखादी सादेलीची पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढते. उरलेले सनमायका लावून ‘नवे’ करतात. भारतात १९७२ च्या पुराणवस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. हस्तिदंताचा व्यापार तर पूर्ण बंद आहे. देशी हस्तिदंताचा १९८६ पासून आणि आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ पासून. पण कायदा वस्तूला सीमेवर अडवतो, गाडीवर चढताना अडवत नाही. ते काम घरच्यांचे.

तेव्हा जुनी वस्तू काढून टाकण्यापूर्वी, किंवा घेण्यापूर्वी, तीन गोष्टी कराव्यात. ती उजेडात नेऊन उलटी करावी. तिच्यावर कोठे नाव, आकडा, चिठ्ठी, खडूची खूण आहे का ते पाहावे, आणि असल्यास पुसू नये. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे: ही कोणी केली, कोणत्या रानातल्या लाकडाची, कोणत्या सुताराने, किती दिवस घरी बसून? उत्तर मिळेल ते एका कागदावर लिहून, तारीख घालून, त्या वस्तूच्या खणात ठेवावे. सीमोरच्या मेजाला त्याची चिठ्ठी दोनशे वर्षे पुरली. आपल्या सुतारांनी चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत. त्या आता आपणच लिहावयाच्या आहेत.